वाचकांचे प्रश्न : मुलांनी सावरावे आणि स्वतःसाठी बोलावेही

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे उत्तरासाठी घेतली आहेत. काही पालकांची तक्रार आहे की मूल चटकन खचते, तर काहींची अशी की अन्याय झाला तरी ते तोंड उघडत नाही. मला या दोन तक्रारी वेगळ्या वाटत नाहीत. ज्या मुलाला मनातली खळबळ आवरता येत नाही त्याला आपले म्हणणे नीट मांडता येत नाही, आणि ज्याचे म्हणणे कोणी ऐकूनच घेत नाही ते मूल एक तर आदळआपट करते किंवा गप्प होऊन जाते. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. खेळात हरली, चित्र बिघडले किंवा कोणी जरासे बोलले, की तिचे डोळे भरून येतात. तिचे बाबा म्हणतात, "एवढ्यातेवढ्यावरून रडायचे नाही, जरा घट्ट हो." मी तिला जवळ घेते, तर माझ्यामुळेच ती हळवी झाली असे घरात सगळे म्हणतात. आमच्यापैकी कोणाचे बरोबर आहे?

उत्तर : मुलीने आपल्या पायांवर उभे राहावे, हे तुम्हा दोघांनाही वाटते, यात शंका नाही. मात्र "रडू नकोस" असे सांगितल्याने फार तर रडणे थांबते, दुःख थांबत नाही. उलट हे दुःख या माणसापुढे दाखवायचे नाही, एवढेच मूल त्यातून शिकते. तुम्ही तिला जवळ घेता, त्यात काहीही चुकीचे नाही. चूक होते ती त्याच्या पुढच्या पायरीवर, म्हणजे जवळ घेतल्यावर आपण लगोलग "दे इकडे, मी काढून देते" किंवा "जाऊ दे तो खेळ" असे म्हणून अडचणच उचलून बाजूला ठेवतो तेव्हा. मुलाला अडचणीत एकटे सोडू नये आणि त्याची अडचण त्याच्यापासून हिरावूनही घेऊ नये, अशी ही कसरत आहे. ती अवघड आहे हे मी मान्य करते.

घट्ट होण्यासाठी मायेचा हात आखडता घ्यावा लागतो, ही समजूत मात्र सोडून द्यायला हवी. हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा अभ्यास एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी ती मुले चाळिशीला येईपर्यंत केला. गरिबी, जन्माच्या वेळची गुंतागुंत, घरातली भांडणे, आईवडिलांचे व्यसन किंवा मानसिक आजार अशी अनेक संकटे ज्यांच्या वाट्याला एकदम आली होती, त्या मुलांपैकीही सुमारे एकतृतीयांश मुले पुढे सक्षम आणि दुसऱ्याची काळजी घेणारी माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात ठळकपणे आढळलेली एक गोष्ट म्हणजे त्यांना जीव लावणारे, खंबीर असे निदान एक तरी माणूस होते. ते नेहमी आईवडीलच होते असे नाही. आजीआजोबा, मोठे भावंड, एखादे शिक्षक असे कोणीही होते. बळ माणसाच्या आधाराने येते. म्हणून तुमच्या जवळ घेण्याने मुलगी कमकुवत झाली, हा आरोप तुम्ही मनावर घेऊ नये.

आता प्रत्यक्षात काय करायचे ते पाहू. समजा, ती चित्र काढते आहे. घोड्याचा पाय पुन्हा वाकडा आला, तिने खोडरबर इतके घासले की कागदाला भोक पडले आणि कागद चुरगळून फेकून देत ती रडू लागली. अशा वेळी उपदेश नको आणि तोडगाही नको. शेजारी बसावे आणि थोड्या वेळाने एवढेच म्हणावे, "इतका वेळ घालवलास आणि शेवटी कागदच फाटला. राग आला ना?" कदाचित ती म्हणेल, "राग नाही आला. मला काही येतच नाही." हे उत्तर फार मोलाचे आहे. तिच्या मनात काय आहे हे तुम्ही ओळखू पाहिले, ते चुकले, आणि तिने तुमचा शब्द खोडून स्वतःचा शब्द दिला. स्वतःची बाजू मांडण्याची सुरुवात येथूनच होते. "अगं, येतं की तुला!" असे म्हणून तिचा शब्द घाईने पुसून टाकू नका. "असं वाटतंय तुला," एवढे म्हणून थांबा. भावनेला नाव दिल्याने ती थोडी निवते, असा अनुभव अनेकांना असतो. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या, प्रौढांच्या मेंदूच्या अभ्यासातही असे दिसले की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द देताना मेंदूतल्या भीतीशी निगडित भागाची खळबळ कमी होते. तिचा श्वास संथ झाला, खांदे सैल पडले, की मगच विचारावे, "आता काय करू या?" तिने "काही नाही" म्हटले तर त्या दिवसापुरते तेही मान्य करावे. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन नवा कागद घेऊन बसण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून जास्त असते.

तिचे कौतुक कसे करता, याकडेही लक्ष असू द्या. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या 1998 सालच्या प्रयोगांत, कोडी सोडवल्यावर "किती हुशार आहेस" असे ऐकलेली मुले पुढे अवघड कोड्यांपासून लांब राहू लागली आणि अपयश आल्यावर लवकर खचली. ज्यांच्या मेहनतीची दखल घेतली गेली ती अधिक काळ टिकून राहिली. तिच्या बाबांना माझी एकच विनंती आहे. स्वतःचा दिवस वाईट गेला असेल तेव्हा त्यांनी तो तिच्यापासून लपवू नये. "आज माझं काम बिनसलं, मला वाईट वाटलं, थोडा फिरून आलो, आता बरं वाटतंय," असे वडिलांच्या तोंडून ऐकलेले मूल सावरणे म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहते.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. परीक्षेत त्याचे एक उत्तर बरोबर असूनही चूक धरले गेले. "जाऊ दे" म्हणून तो गप्प बसला, तेव्हा मीच वर्गशिक्षिकांना फोन केला आणि गुण मिळाले. आता मित्राकडून स्वतःची वही परत मागायची असली तरी तो मला सांगतो, "बाबा, तुम्ही बोला ना." मी यापुढे स्पष्ट नकार द्यावा का?

उत्तर : एका फोनने काही बिघडलेले नाही. आपल्यावर अन्याय झाला तर बाबा आपल्या बाजूने उभे राहतात, हे त्याला कळले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण बुजऱ्या मुलाच्या वतीने प्रत्येक वेळी आपणच बोललो, की त्याची भीती तेवढ्यापुरती ओसरते आणि पुढच्या वेळी आणखी वाढून परत येते, कारण बोलून पाहिल्यावर काहीच भयंकर घडत नाही, हे कळण्याची संधीच त्याला मिळत नाही. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी याच गोष्टीवर उपचारपद्धती उभी केली आहे. तिच्यात समुपदेशक मुलाला न भेटता फक्त पालकांबरोबर काम करतो, आणि मुलाची भीती टाळण्यासाठी पालक करत असलेली मदत हळूहळू कमी केली जाते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत, थेट मुलांना दिल्या जाणाऱ्या प्रस्थापित उपचाराच्या तोडीस तोड ठरली.

"हळूहळू" हा शब्द मात्र तुम्ही सोडू नका. आजवर सगळे बोललात आणि उद्यापासून "तुझे तू बघ" म्हणालात, तर त्याला ती शिक्षा वाटेल. भिंत उभी राहू लागते तशी परांची एकेक फळीने उतरवतात, तसा आधार काढून घ्यावा. वहीच्या प्रसंगातच पाहा. पहिल्यांदा तुम्ही त्याच्याबरोबर जा, पण बोलू द्या त्याला. पुढच्या वेळी दारापर्यंत जा. त्यानंतर केवळ घरी तयारी करून घ्या.

ही तयारी कशी करावी, हे सविस्तर सांगणे मला गरजेचे वाटते, कारण "धीट हो, विचार जाऊन" एवढे सांगून पालक थांबतात आणि मुलाला नेमके काय बोलायचे ते ठाऊकच नसते. पेपरचाच प्रसंग घ्या. आधी त्याला वाक्य लिहू द्या. पहिला मसुदा बहुधा "बाई, तुम्ही माझे गुण चुकून कापले" असा असेल. तो वाचून झाल्यावर विचारा, "हे ऐकून बाईंना काय वाटेल?" मग त्याच्याच शब्दांत वाक्य बदलत जाते : "बाई, चौथ्या प्रश्नाबद्दल विचारायचं होतं. मी उत्तर वेगळ्या पद्धतीने काढलंय. तुम्ही एकदा पाहाल का?" यात नेमकी जागा दाखवली आहे, आपले म्हणणे सांगितले आहे आणि विनंतीही आहे, आरोप कोठेही नाही. त्यानंतर तुम्ही बाई व्हा आणि त्याला बोलायला लावा. पहिल्या खेपेला "हो, दाखव" म्हणा, दुसऱ्या खेपेला "आत्ता वेळ नाही" म्हणा आणि तिसऱ्या खेपेला "मला तरी हे उत्तर चूकच वाटतं" असे म्हणा. मुले अडतात ती याच तिसऱ्या ठिकाणी. नकार मिळाल्यावर "बरं बाई, हे का चुकलं ते मला समजावून सांगाल का?" असे म्हणता येते, हे त्याला घरच्या सुरक्षित वातावरणात अनुभवू द्या. बोलायला कोणती वेळ निवडायची, हेही ठरवा : तास सुरू असताना सगळ्या वर्गासमोर नको, तास संपल्यावर बाई एकट्या असताना बरे.

तो परत आल्यावर "मिळाले का गुण?" हा प्रश्न पहिला विचारू नका. "बोलता आलं का?" असे विचारा. गुण मिळाले नाहीत आणि तरीही तो बोलून आला, तर तो दिवस यशाचाच समजा आणि तसे त्याला मोकळेपणाने सांगा. वर्गशिक्षिकांची भेट झाली तर त्यांना आधी एवढेच कळवून ठेवायला हरकत नाही की मुलगा स्वतः विचारायला शिकतो आहे, त्याला थोडा वेळ द्यावा. ही सिफारस नव्हे. शिकणाऱ्या मुलासाठी मोठ्यांनी केलेली ती जुळवाजुळव आहे.

प्रश्न : मुलांना आपली बाजू मांडू द्या, असे तुम्ही लिहिता. माझी तेरा वर्षांची मुलगी प्रत्येक गोष्टीत वाद घालते, आवाज चढवते, "तुम्ही माझं ऐकतच नाही" म्हणून दार आपटते. नातेवाईक म्हणतात, लाडावून ठेवली आहे. याला आवर कसा घालावा?

उत्तर : ती काय म्हणते आणि कसे म्हणते, या दोन गोष्टी वेगळ्या करा. आवाज चढवण्याला मर्यादा घालणे योग्यच आहे. मात्र ती मर्यादा घालताना आपण बहुधा तिचा मुद्दाही त्याच फटक्यात निकालात काढतो. "या आवाजात मी बोलणार नाही, दहा मिनिटांनी बोलू" असे सांगा आणि दहा मिनिटांनी खरोखर बोला. दुसरा भाग पाळला नाही, तर पहिला म्हणजे नुसती टोलवाटोलवी आहे, हे तिला लगेच समजते.

ऐकून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी 1989 साली स्वीकारलेल्या बालहक्क करारातील बारावे कलम हेच सांगते : मुलाशी संबंधित बाबतीत त्याला आपले मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्याचे वय व समज पाहून त्या मताला योग्य वजन दिले पाहिजे. निर्णय मुलानेच घ्यावा, असे त्यात म्हटलेले नाही. तेव्हा घरात आधीच स्पष्ट करा, कोणत्या गोष्टींत वाटाघाट होऊ शकते आणि कोणत्यांत नाही. सुरक्षिततेचे नियम बदलत नाहीत; अभ्यासाची वेळ, खोलीची मांडणी, कोणता छंद धरायचा आणि कोणता सोडायचा, यांत तिचे म्हणणे चालू शकते. तिने शांतपणे दिलेल्या कारणामुळे तुमचा निर्णय बदलला, तर "तुझं कारण पटलं म्हणून बदलते आहे" असे मुद्दाम बोलून दाखवा. ओरडण्यामुळे एकदाही काही मिळाले नाही आणि पटवून दिल्याने अनेकदा मिळाले, असा अनुभव आला की आवाज आपोआप उतरतो.

आणि तुमचा स्वतःचा तोल गेला, तर नंतर माफी मागायला संकोच करू नका. एड ट्रॉनिक यांनी 1970च्या दशकापासून तान्ह्या बाळांचे आणि आयांचे जे निरीक्षण केले, त्यात दिसले की अगदी प्रेमळ आई आणि बाळ यांचेही सूर बराच वेळ जुळलेले नसतात. ते पुन्हा पुन्हा जुळवले जातात. मोठ्या मुलांच्या बाबतीतही नाते तुटत नाही ते या जुळवून घेण्यामुळेच. जी मुलगी घरात निर्भयपणे "मला हे पटत नाही" म्हणू शकते, ती बाहेर चुकीच्या आग्रहाला नाही म्हणू शकेल, हे नातेवाइकांना सांगता आले तर अवश्य सांगा.

प्रश्न : आमच्या बारा वर्षांच्या मुलाला लेखनअक्षमता असल्याचे निदान झाले आहे. लेखी परीक्षेत त्याला जास्त वेळ मिळू शकतो, पण तो ती सवलत घेत नाही. "सगळ्यांना कळेल" म्हणतो.

उत्तर : त्याची लाज खरी आहे. ती बोलून दूर होणार नाही. प्रथम त्याला स्वतःला या अडचणीबद्दल किती ठाऊक आहे, ते पाहा. पुष्कळदा अहवाल पालक वाचतात, शिक्षक वाचतात, आणि ज्याच्याबद्दल तो आहे त्या मुलाला फक्त "तुला थोडा त्रास आहे" एवढेच सांगितले जाते. मग ते स्वतःच ठरवून टाकते की आपण मठ्ठ आहोत. त्याच्याजवळ बसून स्पष्ट सांगा : विचार करणे आणि हाताने लिहिणे ही दोन वेगळी कामे आहेत, तुझा विचार वेगाने धावतो, हात मागे पडतो, जास्त वेळ दिला जातो तो हाताला, डोक्याला नव्हे. एकाच विषयाचे त्याचे तोंडी उत्तर ध्वनिमुद्रित करा, त्याचेच लेखी उत्तर शेजारी ठेवा आणि दोन्ही त्याला पडताळून पाहू द्या. हा फरक स्वतःच्या कानांनी ऐकला, की सवलत म्हणजे मेहरबानी नाही हे त्याला पटू लागेल.

कोणाला किती सांगायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा असू द्या. शिक्षकांना सांगणे भाग आहे. वर्गमित्रांना सांगणे भाग नाही. कोणी विचारलेच, तर द्यायचे एक छोटे उत्तर तयार असले की पुरते : "मला लिहायला वेळ लागतो, म्हणून जास्त वेळ मिळतो." आपल्याविषयीच्या निर्णयांत आपल्याला बोलू द्या, ही मागणी अपंगत्व असलेल्या व्यक्तींनीच पुढे आणली. बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांनी 1974 साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात 'पीपल फर्स्ट' ही चळवळ सुरू केली, ती याच आग्रहातून. तुमच्या मुलाच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की शाळेत त्याच्या सवलतींविषयी बैठक असेल तेव्हा निदान थोडा वेळ तरी तो तेथे असावा. आणि शिक्षकांनी "याला काय त्रास होतो?" असे तुम्हाला विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी तुम्ही त्याच्याकडे पाहावे.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या नातवाला वर्गातली तीनचार मुले गेले कित्येक आठवडे त्रास देत आहेत. दप्तर लपवतात, ढकलतात, नावे ठेवतात. त्याचे आईवडील म्हणतात, "त्याने स्वतः तोंड द्यायला शिकले पाहिजे." मला हे पटत नाही.

उत्तर : आजोबा, तुम्हाला जे वाटते तेच योग्य आहे. स्वतःसाठी बोलायला शिकवण्याचा जो आग्रह मी वर धरला, त्याची मर्यादा येथे येते. शाळांमधल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास सुरू करणारे नॉर्वेचे डॅन ओल्वेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या : तो जाणूनबुजून होतो, पुन्हा पुन्हा होतो, आणि दोन बाजूंची ताकद समान नसते. ताकद समान नसताना एका मुलाला चार मुलांपुढे "तुझे तू निस्तर" म्हणून उभे करणे म्हणजे त्याला एकटे पाडणे होय. अशा वेळी मोठ्या माणसाकडे जाऊन "मला त्रास होतो आहे, मला मदत हवी आहे" असे सांगणे, हेच त्या मुलाने स्वतःसाठी उचललेले पाऊल आहे, आणि तुमच्या नातवाने ते उचलले आहे.

त्याच्या आईवडिलांना सोबत घ्या. त्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐका, "मग तू काय केलंस?" हा प्रश्न विचारू नका, कारण त्यात दोष त्याचाच असल्याचा वास येतो. घडलेले प्रसंग तारीख आणि जागेसह लिहून ठेवा. शाळेत जाण्यापूर्वी त्याला तसे सांगा आणि त्याला कशाची भीती वाटते ते विचारा. तक्रार केल्यावर त्रास वाढेल, ही भीती बहुतेक मुलांना असते, आणि शाळेशी बोलताना पहिला मुद्दा हाच असावा. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून समेट घडवण्याचा प्रस्ताव आला, तर तो स्वीकारू नका. बरोबरीच्या मुलांच्या भांडणात त्याचा उपयोग होतो, छळात मात्र त्रास सोसणाऱ्या मुलावर दडपण वाढते. मधली सुट्टी, जिने, शाळा सुटण्याची वेळ, अशा ठिकाणी कोण लक्ष ठेवणार, हे नावानिशी ठरवून घ्या आणि एका आठवड्यानंतर पुन्हा भेटण्याची तारीख तेथेच मागा. दरम्यान त्याची झोप उडाली, जेवण कमी झाले, शाळेच्या वेळी पोट दुखू लागले, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा; आणि जगण्याचा कंटाळा आल्यासारखे किंवा स्वतःला इजा करण्याविषयी तो काही बोलला, तर त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी घेऊन जा.